समुद्रकोळ्याला 'राक्षस' का म्हणता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत 'बर्फाखालचा विषारी राक्षस' अशा मथळ्याने छापलेला मजकूर वाचून संताप आला. तो मजकूर समुद्रकोळ्यावर होता. समुद्रकोळी म्हणजे कोळी किड्यासारखा दिसणारा, लांब पायांचा समुद्री जीव. तो जाळे विणत नाही, माणसाच्या वाटेलाही जात नाही. सोंडेसारख्या नळीने तो समुद्रफुलांसारख्या मऊ जिवांतला रस शोषतो. त्याच्या बहुतेक जातींत अंडी बाप सांभाळतो, स्वतःच्या खास पायांवर वाहून नेतो. त्याला राक्षस कशासाठी म्हणायचे?

अंटार्क्टिकाजवळच्या काही जातींचे पसरलेले पाय ७० सेंटीमीटरपर्यंत भरतात, हे तुम्ही ठळक छापलेत. पण फुप्फुसे नाहीत, कल्ले नाहीत, मग तो श्वास कसा घेतो? यावर एक ओळही नाही! तिथले पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गार असते. अशा पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो आणि थंडीमुळे शरीराला तो लागतोही कमी. पायांच्या कवचातल्या बारीक छिद्रांतून तो आत झिरपतो. हृदय दुबळे, म्हणून पायांत शिरलेली आतडी आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात. हा शोध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

हेच सारे आमच्या आठवीतल्या एका मुलीने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडले होते. पायांना छत्रीच्या काड्या, आतड्यांना सलाइनच्या नळ्या, त्यांत कुंकवाचे पाणी. नळी दाबली की लाल पाणी पायाच्या टोकापर्यंत जायचे. परीक्षकांनी ती दाबूनही पाहिली नाही. मला म्हणाले, "मॅडम, मराठवाड्यात समुद्र कुठाय? ठिबकचं काहीतरी करून घ्यायचं की." शेजारच्या टेबलावरच्या चांद्रयानाला मात्र पहिले बक्षीस! चंद्र तरी कुठे आमच्या तालुक्यात आहे? पोरगी परतीच्या एसटीत एक शब्द बोलली नाही. अंटार्क्टिकावर 'मैत्री' आणि 'भारती' ही आपल्या देशाची केंद्रे आहेत. तिथे उद्या जिंतूरची मुलगी का जाऊ नये?

आणखी एक. पुण्याच्या आवृत्तीत दर आठवड्याला येणारे विज्ञानाचे पान आमच्या आवृत्तीत नसते. तिथे वाढदिवसाच्या जाहिराती असतात. अंकाची किंमत आम्हीही तेवढीच मोजतो. ते पान आम्हाला द्या आणि समुद्रकोळ्याबद्दलचा खुलासा मथळ्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
जिंतूर, जि. परभणी