सोप्या वाटेला काँक्रीट नको, खूण हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी पावसाळ्यात आपल्या पुरवणीत भटकंतीची पानं येतात. पन्हाळा ते पावनखिंड, रांगणा, विशाळगड. आम्ही ती आवडीनं वाचतो. पण ती पानं तरण्या पोरांसाठी असतात. रंकाळ्यावर रोज सकाळी फिरणारा आमचा साठीपुढचा गट आहे. त्यात आमची मंडळी आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ आहेत, सुट्टीत नातवंडंही असतात. आम्हालाही जंगलात चालायचं आहे. जीपमध्ये बसून गवा बघणं वेगळं आणि पायाखाली पाचोळा वाजवत त्याच जंगलातून जाणं वेगळं.

कोल्हापूरकरांना यासाठी लांब जायला नको. राधानगरी अभयारण्य हे राज्यातलं पहिलं, १९५८ सालचं. शाहू महाराजांच्या काळात शिकारीसाठी राखलेलं हे जंगल आज ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. गगनबावड्याच्या बाजूला पळसंबेचं रामलिंग आहे. तिथं ओढ्यातल्या अखंड खडकात कोरलेली देवळं आहेत, भर झाडीत, आणि चालणं अगदी थोडं. पन्हाळ्यापलीकडं मसाई पठार तर सपाटच आहे. म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमतील अशा वाटा आपल्याकडं भरपूर आहेत. अडचण माहितीची आहे.

मी आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर काम केलं. ड्रॉइंगवर माप नसेल तर आम्ही जॉब मशीनवर चढवत नसू. वाटेचंही तसंच असायला हवं. ‘सोपी, दोन तासांची’ एवढं वाचून घरातून निघता येत नाही. चढ किती, त्यापेक्षा उतार किती? आमच्या वयात गुडघ्याला चढ सोसतो, उतार मारतो. त्यातही जांभ्याची सुटी खडी असेल तर पाऊल ठरत नाही, आणि ही खडी आपल्या सड्यांच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांच्या, कडेला सगळीकडं असते. सावली कुठपर्यंत आहे, एप्रिलमध्ये ओढ्याला पाणी असतं का, मधूनच परत फिरायचं झालं तर कुठून, परतीची शेवटची एसटी किती वाजता? हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते पडलेलेच नसतात. जळवांचंही कुणी लिहीत नाही. त्या काही करत नाहीत, पण नातवाच्या पायावर अचानक रक्त दिसलं की घरच्यांचा धीर सुटतो.

हे लिहिताना एक भीती वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो. ज्येष्ठांसाठी सोय करा म्हटलं की आपल्याकडं लगेच टेंडर निघतं. पेव्हर ब्लॉक, लोखंडी रेलिंग, काँक्रीटच्या पायऱ्या, वर सेल्फी पॉइंट. आम्हाला यातलं काही नको. ओल्या फरशीवर आम्ही जास्त घसरतो आणि ठरावीक उंचीच्या पायऱ्या गुडघ्याला मातीच्या वाटेपेक्षा वाईट. सड्यावर तर असं काम म्हणजे नासधूसच. तिथं कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. त्यात सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलतो. सीतेच्या आसवांचं निळंजांभळं फूल बघायला मला गुडघे टेकावे लागले होते, एवढंसं ते असतं. मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून ही वनस्पती जगते. तेवढ्या मातीवरून एक चारचाकी गेली की चाकोरी पडते, पाणी तिथनंच वाहायला लागतं आणि तो पट्टा उघडा पडतो. मसाईवर गाड्या थेट पठारावर घालणारे दर रविवारी दिसतात. गाड्या खालीच थांबवा. सपाटीवर चालायला आमच्या वयालाही कष्ट नाहीत.

हवं ते फार थोडं आहे. जिथं वाट फुटते तिथं खूण. मसाईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि सपाट पठारावर चढ-उताराचाही अंदाज लागत नाही. नजरेच्या टप्प्यात एकेक दगडांची रास असली तर माणूस एकीवरून दुसरीकडं जाईल. जंगलात दगडावर चुन्याचा पट्टा पुरतो. आणि पाटी असेल तर मराठीत, मोठ्या अक्षरात.

दुसरं म्हणजे वाटाड्या. अभयारण्यात परवानगी आणि गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. दाजीपूरच्या बाजूला आमच्याबरोबर तिथल्याच एका वाडीतला पोरगा होता. नको त्या वाटेवर तो हिरवी फांदी आडवी टाकायचा, म्हणजे मागून येणारे चुकायला नकोत. एके ठिकाणी तो खाली वाकला, शेणाच्या पोवाकडं बघितलं, माश्या घोंगावत होत्या. “ताजं हाय. काका, हितनं पुढं बोलायचं न्हाई.” पुढच्या वळणावर अंजनीच्या झाडाआड गवा मादी उभी होती, काळीकरडी, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यागत पाय, आणि मागं तांबूस वासरू. तिनं एकदा फुस्स केलं. पोरानं मागं न बघता नुसता हात केला आणि आम्ही सगळे पाऊल पाऊल मागं सरलो. पळायचं नाही, वासराच्या आणि आईच्या मध्ये यायचं नाही, तिला निघून जायला वाट मोकळी ठेवायची, हे त्यानं निघण्याआधीच सांगितलं होतं. मोबाईलवर गाणी लावून चालणाऱ्या घोळक्याला हे कोण सांगणार?

अशा पोरांना आमच्यासारख्या गटाबरोबर कसं चालायचं तेही शिकवायला हवं. त्यांची चाल वाऱ्याची. सर्वात हळू चालणाऱ्याला पुढं घ्यायचं, थांबल्यावर मागचा पोचला की लगेच निघायचं नाही, त्यालाही दम घेऊ द्यायचा. वन विभागानं आणि त्या त्या ग्रामपंचायतींनी मिळून एक-दोन दिवसांचा वर्ग घेतला तरी पुरे. गावात दोन पैसे येतील ते याच मार्गानं यावेत, कारण आम्ही जेवतो गावात, तांदळाची भाकरी मागून खातो आणि वर्षभर येऊ शकतो, नुसते धबधब्याच्या चार रविवारी नाही.

आपल्या पुरवणीत आठवड्याला एक वाट द्यावी, ही विनंती. लांबी, चढ-उतार, पायाखालची जमीन, सावली, पाणी, एसटीच्या वेळा आणि परवानगी कुठं मिळते, एवढंच. फोटो लहान चालेल. वाट मोजायला आणि परवानगी मिळाली तर दगडांवर चुना मारायला आमच्या गटातली माणसं यायला तयार आहेत. टेप आणि स्पिरिट लेव्हल आमच्याकडं आहे.

आपला,
एक निवृत्त लेथ कामगार
शिवाजी पेठ, कोल्हापूर