ज्यांची बाळं अभ्यासात होती, त्या आई-बाबांना

आदरणीय आई-बाबा,

तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही आणि कळायला मार्गही नाही. वैद्यकीय अभ्यासात भाग घेतलेल्या बाळांची नावं गुप्त ठेवतात. शोधनिबंधात उरतो तो फक्त एकूण आकडा आणि गट. तरीही लिहिते आहे, कारण माझी मुलगी आज धडधाकट आहे त्यात तुमच्या बाळांचा मोठा वाटा आहे. दुसरं असं, की अभ्यास संपल्यावर त्यातून काय निघालं हे पुष्कळ पालकांना कुणी सांगतच नाही. संमती घ्यायला माणसं येतात, निकाल सांगायला येतीलच असं नाही. तेव्हा आभार मानता मानता निकालही सांगून टाकते.

मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, सव्वा किलोची. तिला थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ती, तिच्या इवल्या तळपायाला लाल दिव्याची पट्टी गुंडाळलेली, आणि त्या पट्टीवरून मॉनिटरवर उमटणारा रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा. माझा सगळा जीव त्या आकड्यात. एकदा तो चढत चढत ९८ वर गेला, मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात अलार्म वाजला. सिस्टर आल्या, त्यांनी ऑक्सिजन कमी केला. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "ऑक्सिजन चालू आहे तोवर ९५ च्या वर नको आई, आणि ९१ च्या खालीही नको. डोळ्यांसाठी." एवढंच बोलून त्या पुढच्या पेटीकडे गेल्या.

हे ९१ आणि ९५ आले कुठून, ते राउंडला आलेल्या डॉक्टरांनी थोडं सांगितलं, उरलेलं मी वाचून काढलं. ते वाचताना तुमची पहिल्यांदा आठवण झाली.

१९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन द्यायची पद्धत पडली. बाळ निळं पडतंय, द्या ऑक्सिजन. त्यात खटकण्यासारखं कुणाला काय दिसणार? १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी नोंदवलं, की अशा काही बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा तयार होतो आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात अंदाजे १०,००० मुलांची दृष्टी गेली. गायक स्टीव्ही वंडर त्यांतलेच. उजेडापासून जीवनसत्त्वांपर्यंत नाना कारणं सुचवली गेली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर.

पण नुसत्या संशयावर कोण ऑक्सिजन कमी करणार? वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात याचा छोटा अभ्यास चालू असताना रात्रपाळीच्या काही सिस्टर कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवून ठेवत, असं सांगतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हात लावलाच असता. शेवटी १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून ७८६ बाळांचा अभ्यास केला आणि भरपूर ऑक्सिजनमुळेच डोळे जातात हे पक्कं झालं. त्या बाळांच्या आई-बाबांना तेव्हा कुणी नीट विचारलं असेल का, याची मला शंकाच आहे. लेखी संमतीची रीत त्या काळी रुळलेली नव्हती. त्यांनी न देताच त्यांच्याकडून घेतलं गेलं, म्हणून त्यांचे आभार जरा जास्तच.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. त्या अभ्यासात बाळांना घेतलं होतं ते जन्मानंतर ४८ तासांनी. म्हणजे पहिले दोन दिवस, जे सगळ्यात नाजूक, त्यांची परीक्षा झालेलीच नव्हती. डॉक्टरांनी मात्र जन्मल्याक्षणापासून ऑक्सिजनला कात्री लावली. डोळे वाचू लागले आणि दुसरीकडे जीव जाऊ लागले. किती ऑक्सिजन म्हणजे नेमका किती, हे नीट तपासायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

ते तपासलं तुमच्यापैकी ज्यांच्या बाळांनी, त्यांना हे खास सांगायचं आहे. वेगवेगळ्या देशांत मिळून पाच अभ्यास झाले, त्यांत जवळपास ५,००० अतिशय अपुऱ्या दिवसांची बाळं होती. निम्म्यांचा ऑक्सिजन ८५ ते ८९ च्या दरम्यान ठेवायचा, निम्म्यांचा ९१ ते ९५. कुणाचं बाळ कुठल्या गटात हे कळू नये म्हणून मॉनिटरच असे बनवून घेतले होते की ते खरा आकडा न दाखवता थोडा सरकवलेला दाखवत. यातल्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा निकाल २०१० मध्ये आला. कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार ८.६ टक्के बाळांना झाला, जास्त ऑक्सिजनच्या गटात १७.९ टक्के. सगळ्यांना वाटलं होतं तसंच. पण घरी जाण्याआधीच दगावलेली बाळं कमी ऑक्सिजनच्या गटात १९.९ टक्के होती आणि जास्तीच्या गटात १६.२. हे फारसं कुणाला अपेक्षित नव्हतं. पाचही अभ्यास एकत्र केल्यावर कल तोच निघाला.

आमच्या सिस्टर बोलल्या त्यामागे हे होतं. डोळ्यांना थोडा धोका राहिला तरी चालेल, त्यांची तपासणी करता येते, वेळेत सापडलं तर लेझरने उपचार होतात. जीव गेला तर त्यावर उपाय नाही. अशी ती तडजोड आहे आणि ती तुमच्या बाळांनी ठरवून दिली.

कमी आकड्याच्या गटात ज्यांचं बाळ होतं आणि जे घरी आलं नाही, त्या आई-बाबांना काय लिहावं सुचत नाही. दोन्ही गटांचे आकडे तेव्हाच्या नेहमीच्या उपचारात बसणारेच होते, असं संशोधकांचं म्हणणं. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्याच देखरेख कार्यालयाने ठपका ठेवला, की संमतीपत्रात धोके पुरेसे सांगितले नव्हते. त्यावर डॉक्टरांमध्येही बरीच जुंपली. मला विचाराल तर अभ्यास व्हायलाच हवा होता, आणि कागदावर 'मृत्यू' हा शब्दही सरळ लिहायला हवा होता. आई-बाबा घाबरतील म्हणून तो गाळायचा, हे मला पटत नाही. आधीच घाबरलेल्या माणसाला स्पष्ट बोललेलं जास्त झेपतं.

आता कॅफीन. हो, कॉफीतलंच. अपुऱ्या दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं. मुलगी तशी थांबली की सिस्टर तिचा तळपाय चोळत, की लगेच छाती पुन्हा हलायला लागे. ते वारंवार होऊ नये म्हणून तिला रोज कॅफीनचा डोस होता. हे औषध आधीपासून वापरात होतं, पण मेंदूला अपाय तर होत नाही ना, हे कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. मग बऱ्याच देशांत मिळून २,००६ बाळांवर अभ्यास झाला: निम्म्यांना कॅफीन, निम्म्यांना नुसतं सलाईन. कॅफीनवाल्या बाळांच्या फुप्फुसांचं दुखणं कमी राहिलं, आणि दीड-पावणेदोन वर्षांची झाल्यावर तपासलं तर सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहण्याचं प्रमाणही कमी निघालं. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा फरक पुसट झाला होता. अकराव्या वर्षी पुन्हा पाहिलं, तर हालचालींच्या अडचणी कॅफीन मिळालेल्या मुलांत कमी होत्या.

ज्यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला शाळा बुडवून, "तू बाळ होतास ना, तेव्हाचं काहीतरी आहे" असं सांगत तपासणीला नेलं असेल, त्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. पोर बरं झाल्यावर दवाखान्याची पायरी पुन्हा चढायला कुणाचंही मन घेत नाही. आणि सलाईनच्या गटातल्यांना तर त्यातून काहीच मिळालं नव्हतं. तुम्ही नसता तर तुलना कशाशी केली असती?

बाळंतपणाआधी घाईघाईत मला जी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, त्यांची कथा न्यूझीलंडची. तिथले डॉक्टर लिगिन्स यांनी मेंढ्यांवर प्रयोग करताना पाहिलं, की स्टेरॉइड दिलेली कोकरं वेळेच्या फार आधी जन्मूनही श्वास घेतात. मग डॉ. हॉवी यांच्यासोबत त्यांनी ऑकलंडमध्ये बायकांवर अभ्यास केला आणि १९७२ मध्ये २८२ आयांचा पहिला निकाल छापला. बाळांच्या श्वासाचा त्रास कमी झाला, मृत्यूही कमी झाले. आणि मग? मग वीसेक वर्षं बहुतेक ठिकाणी हे इंजेक्शन दिलंच जात नव्हतं! एकामागून एक अभ्यास होत राहिले, तेच उत्तर येत राहिलं. यात किती बाळं गेली असतील याचा विचार केला की संताप होतो. तुम्ही तुमचं काम चोख केलं होतं. ढिलाई झाली ती पुढे.

त्या ऑकलंडच्या बाळांना तीस वर्षांचे झाल्यावर पुन्हा शोधून तपासलं. जन्माआधी दिलेल्या स्टेरॉइडमुळे मोठेपणी हृदयाला काही अपाय झालेला दिसला नाही. हे वाचून मी जरा सैलावले.

याच औषधाची एक अडचणीची बाजूही आहे. भारतासह सहा देशांत मोठा अभ्यास झाला, गावपातळीपर्यंत हे इंजेक्शन पोचवायचा; त्याचा निकाल २०१५ मध्ये छापून आला. त्यात फारच लहान बाळांना फायदा दिसला नाही, आणि एकूण बाळांचे मृत्यू उलट थोडे वाढले. पुढे भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या रुग्णालयांत पुन्हा तपासलं, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. दिवस नीट मोजलेले असतील आणि जन्मानंतर बाळाची चांगली काळजी घेता येत असेल, तर ते बाळं वाचवतं असं दिसलं. पहिल्या अभ्यासातल्या आयांना वाटत असेल, आपल्याकडून काय निघालं? हे निघालं, की औषध कुठे देऊ नये.

कांगारू केअरबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यात मी स्वतः होते आणि लिहायला बसले तर थांबणार नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी बोगोटामध्ये पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. बराच काळ रीत अशी होती, की आधी बाळ स्थिर होऊ दे, मग आईकडे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात ३,००० हून जास्त बाळांवर अभ्यास झाला, त्यात निम्म्यांना जन्मल्या जन्मल्या आईच्या अंगाशी दिलं. पहिल्या २८ दिवसांत त्यांच्यात १२ टक्के दगावली, दुसऱ्या गटात १५.७. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. २०२१ चा निकाल आहे. दुसऱ्या गटातल्या आयांनो, तुम्हाला बाळ उशिरा मिळालं, म्हणून मला माझं लवकर मिळालं.

हे फक्त आमच्या मुलीसारख्या चिमुकल्यांपुरतं नाही. मुलांचा रक्ताचा कर्करोग १९४० च्या दशकात म्हणजे काही आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा खेळ होता. आज जिथे चांगले उपचार मिळतात तिथे त्याच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारातली दहापैकी जवळपास नऊ मुलं बरी होतात. त्यातली मोठी औषधं जुनीच आहेत. कुठलं, किती, कोणत्या क्रमाने द्यायचं, हे एकेका अभ्यासातून ठरत गेलं. शिवाय काय वगळता येतं तेही: डोक्याला दिलं जाणारं रेडिएशन बहुतेक मुलांना लागत नाही, हे मुलांनीच दाखवून दिलं.

मुलगी घरी यायच्या थोडं आधी आमच्याकडेही एक अभ्यासाचा कागद आला. बारीक टायपातली पानंच्या पानं. संशोधक बाई शांतपणे बसून राहिल्या, घाई केली नाही. आम्ही तुमच्यामुळे शहाणे झालो होतो. विचारलं, वाईटात वाईट काय होऊ शकतं ते एका वाक्यात सांगा. त्यांनी सांगितलं. मग विचारलं, निकाल आम्हाला कळवणार का. त्या म्हणाल्या, असा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि फॉर्मच्या समासात आमचा ईमेल लिहून घेतला.

तुमचा निकाल तुम्हाला अजून कुणी कळवला नसेल, तर रुग्णालयाला जरूर विचारा. कितीही वर्षं झाली असली तरी विचारा, तो तुमचा हक्क आहे.

कळावे,

एक आई