पश्चिमेच्या काचेवर काट मारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र थेट तुमच्या हातात दिलं असतं, तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही ते न वाचताच घडी घालून ठेवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. शिवाय जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा, जिकडे बघावं तिकडे बांधकामं चालू आहेत. भेटेल तो एसी किती टनाचा आणि सोलर किती किलोवॅटचा एवढंच विचारतो. आमच्या नव्या घराचा नकाशा पुढ्यात ठेवला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न मात्र असा होता: "मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरात कोण असतं, आणि बसतं कुठं?"

सासूबाई असतात, आणि सुट्टी लागलेली मुलगी. या उत्तरावर अख्खा नकाशा फिरला.

आमचा प्लॉट तीस बाय चाळीस, रस्ता पश्चिमेला. हाती आलेल्या नकाशात दर्शनी भागाला मोठ्ठी काच आणि तिच्यामागे हॉल. तुम्ही काचेवर लाल पेनानं काट मारलीत आणि कागदाच्या कोपऱ्यात सूर्य काढून दाखवलात. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा, आणि मधल्या काळात तो चक्क किंचित उत्तरेकडून जातो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन फारसं लागतच नाही. तापतं ते छत, आणि संध्याकाळपर्यंत पश्चिमेची भिंत. दक्षिण म्हणजे ऊन, असंच मी आजवर धरून चालले होते.

चार फुटी खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला, तर दक्षिणेला एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन आत शिरत नाही. डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हा निम्म्या खिडकीवर ऊन येतं. तोच छज्जा पश्चिमेला काही कामाचा नाही, कारण चार-पाच वाजता ऊन आडवं येतं. त्याला आडवी येणारी उभी वस्तूच हवी: जाळी, झाड, नाहीतर सरळ भिंत. म्हणून तुम्ही नैर्ऋत्येला जिना टाकलात, वायव्येला संडास-बाथरूम, आणि दोन्हींच्या मध्ये खोल ओटा ठेवून पुढे सिमेंटची जाळी. सासूबाईंची खोली ईशान्येला, जिथे फक्त सकाळचं कोवळं ऊन. स्वयंपाकघर आग्नेयेला. गंमत म्हणजे हे सगळं वास्तूतही बसलं, त्यामुळे घरात वाद झाला नाही. वाद झाला तो पाण्याच्या टाकीवरून, पण ते पुढे.

छतावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवलात. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा, ती घरं भर उन्हाळ्यात आत गार का लागायची ते तुमच्यामुळे कळलं. आताचा उघडा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री आपल्याच अंगावर ओततो. गच्चीवर अंथरूण टाकायची वेळ येते ती त्यामुळे. स्लॅबच्या खाली पीओपीची फॉल्स सीलिंग करण्याऐवजी ऊन वरच्या वर अडवायचं, ही तुमची सूचना. उतार काढून ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेली फरशी. पैसे कमी पडले तर दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये चुन्याचा हात, तोही पुष्कळ काम करतो. फॉल्स सीलिंगचे पैसे तिथेच वाचले. आमच्या ह्यांना झुंबराचं वाईट वाटलं, पण ते असो.

विटांच्या बाबतीत तुमचं स्पष्ट बोलणं मला फार आवडलं. आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प जवळच, त्यामुळे फ्लाय अ‍ॅशची वीट घेतली की घर गार राहतं असं सगळे सांगत होते. तुम्ही म्हणालात, या विटेत कोळशाच्या राखेचा उपयोग होतो आणि मातीची वीट भाजायला लागणारं जळण वाचतं, म्हणून ती जरूर घ्या; पण गारवा हवा तर भिंतीत पोकळी ठेवा. म्हणून पश्चिमेची भिंत रॅट-ट्रॅप पद्धतीची: विटा कडेवर उभ्या, मध्ये हवा. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. साध्या नऊ इंची भिंतीपेक्षा विटाही साधारण पाव हिश्शाने कमी लागतात. आमच्या गवंड्याला ती येत नव्हती. तुम्ही अंगणात बसून सुट्ट्या विटा मांडून त्याला दाखवलीत.

काळ्या मातीचं मात्र तुम्ही दटावूनच सांगितलंत. पाया मुरमापर्यंत न्यायचा, आणि सावलीसाठी कडुनिंब लावायचा तर जोत्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला. मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि भिंतीला तडे जातात.

जिन्याच्या टॉवरला वर झरोके, म्हणजे संध्याकाळी खिडक्या उघडल्या की गरम हवा वरून निघून जाईल. सकाळी नवाच्या आत सगळं बंद. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, साध्या ७५ वॅटच्या जागी तीसेक वॅटचे. सोलर सगळ्यात शेवटी, आधी घराची भूक कमी करून. तीन किलोवॅट, रोजची साधारण १२ युनिट, केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान. टॉवरची सावली पडू नये म्हणून पॅनेल उंच सांगाड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून. खाली गच्चीला आयती सावली.

आणि टाकी. सोलापुरात पाणी रोज येत नाही, तेव्हा टाकी मोठी लागणारच. सासूबाईंना ती नैर्ऋत्येला हवी होती, पण तिथून दुपारनंतर सावली पॅनेलवर पडते. तुम्ही ती वायव्येला, बाथरूमच्या डोक्यावर घेतलीत. पाइपही कमी लागेल. त्यांना अजून पटलेलं नाही. "ओव्हरसियर माणूस आहे, बांधकामावर देखरेख करणारा, ऐकावं लागतं," एवढंच म्हणतात.

फी विचारली तेव्हा तुम्ही विषय बदललात. निदान आता एवढं करा: दिवाळीनंतर लाइनआउट, म्हणजे जागेवर पायाची आखणी आहे, दोरी तुमच्या हातूनच पडू द्या. आणि येताना एक ठरवून या, ओट्याच्या जाळीची भोकं किती इंची ठेवायची? गवंडी सहा म्हणतोय, मला चार बरी वाटतात.

तुमची,
तीस बाय चाळीसवाली सूनबाई