बॅग दुकानात रिकामी असते हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या तोंडावर आपल्या पुरवणीत नव्या बॅगांवर पानभर मजकूर आला होता. फोटो मस्त होते, यंदा कुठले रंग चालतायत, ऑफिसला कुठली शोभते, सगळं होतं. त्यातली ती पिवळी बॅग तर आमच्याकडे कापून फ्रिजवर चिकटवली गेलीये. पण मी ते पान दोनदा वाचलं आणि एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे वजन. एकाही बॅगेचं वजन दिलेलं नाही, पिवळीच्या खाली 'हलकीफुलकी' एवढंच लिहिलंय. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापाकापी करायची तर करा पण वजनाचा भाग तेवढा ठेवा.

मी रोज येऊन जाऊन अडीच तास प्रवास करतो, त्यातला बराचसा उभ्यानं, त्यामुळे बॅगा हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे असं घरात टोमण्यानं म्हटलं जातं. मागची बॅग मी अगदी सगळे घेतात तशीच घेतली. पाठीला लावली, आरशात वळून बघितलं, खण मोजले, अकरा भरले, खूश झालो. सातव्या महिन्यात बसस्टॉपवर बॅग खांद्यावर टाकायला गेलो आणि डावा पट्टा वरून सुटून बॅग थेट पायावर. घरी येऊन नीट बघितलं तर दोरा तुटलाच नव्हता, कापड फाटलं होतं, सुईच्या भोकांच्या रेघेवरून, पोस्टाचं तिकीट फाडतो ना तसं सरळ. पट्टा कापडाच्या अगदी कडेला एकाच सरळ शिवणीवर धरला होता आणि त्या एका शिवणीवर माझा लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, छत्री असा सगळा संसार लटकत होता. आता मी बॅग बघताना खण मोजत नाही, पहिल्यांदा पट्टा वर जिथे शिवलाय ती जागा बघतो. पट्टा आत खोलवर घेतलाय का, वरून चौकोन करून मधे फुली मारलीये का, किंवा आडवे टाके एकावर एक दाट आहेत का, आणि मग दोन्ही हातांनी कचकन ओढायचं, टाक्यांच्या मधून फट दिसली की बॅग परत रॅकवर. दुकानदार बघतो आपल्याकडे, बघू दे.

आता वजन. माझी मुलगी पाचवीत आहे. पट्टा फाटला त्याच आठवड्यात ती खांदा दुखतो म्हणाली, आधी मला वाटलं माझं बघून म्हणतीये. तिला वजनकाट्यावर उभी केली, २७ किलो. मग बॅगेसकट उभी केली, साडेबत्तीस! म्हणजे साडेपाच किलो पाठीवर, स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. माझं वजन ६६ आहे, त्या हिशोबानं मी रोज जवळजवळ साडेतेरा किलो घेऊन जिने चढायला हवेत. मी नसते चढले.

किती असावं याबद्दल जाणकारांचंही सगळं एकमत नाहीये. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलाच्या वजनाच्या १० ते २० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, तिथलीच ऑक्युपेशनल थेरपिस्ट (म्हणजे रोजची कामं नीट करता यावीत म्हणून उपचार करणारे) लोकांची संघटना १० टक्क्यांवरच थांबा म्हणते. मी आपला खालचा आकडा धरतो, कारण मूल काही बॅग घेऊन नुसतं उभं राहत नाही, पळतं, जिने चढतं, बसमधे लोंबकळतं. आणि हो, जड दप्तरानं पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो असं जे फॉरवर्ड फिरत असतं, तर स्कोलिओसिस म्हणतात तो दप्तरामुळे होत नाही. उगाच घाबरवू नये. पण मान, खांदे, पाठ दुखते ती खरीच दुखते आणि पोर पुढे वाकून चालतं ते आपल्याला गॅलरीतून दिसतंच की.

तर १० टक्के म्हणजे तिच्यासाठी २ किलो ७०० ग्रॅम. बॅग पलंगावर पालथी केली. गेल्या वर्षीची एक वही, त्या दिवशी नसलेल्या विषयांची दोन पुस्तकं, दोन कंपास (एक 'बॅकअप'), एका मैत्रिणीची पट्टी, सात दगड. दगड का विचारलं तर 'बाबा, ते राहू दे ना, ते वेगवेगळे आहेत'. पाण्याची स्टीलची बाटली काठोकाठ भरलेली, तीच एकटी किलोच्या वर, कारण पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात कोणी सूट देत नाही. शाळेत पाणी भरता येत असेल तर बाटली निम्मी भरून पाठवली तरी फरक पडतो, आम्ही तेच करतो आता. सगळं काढून झाल्यावर रिकामी बॅग काट्यावर ठेवली तर काटा काही दाखवेना, मग मी ती हातात घेऊन उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं, १ किलो १०० ग्रॅम. रिकामी! म्हणजे २७०० ग्रॅममधले ११०० बॅगेनंच खाल्ले, वह्यापुस्तकांना उरले सोळाशे. आणि ही बॅग मीच 'मजबूत दिसतीये' म्हणून हौसेनं घेतली होती, जाड तळ, जाड फोम, पुढे फुगीर प्लास्टिकचं चित्र. सोळाशे ग्रॅमचा हिशोब दुकानात कोण करतं?

स्वीडनमधे १९७८ साली शाळेतल्या मुलांसाठी काँकेन नावाची बॅग निघाली, तिचं माप ए-फोर आकाराच्या दोन फायली आत बसतील असं धरलेलं, १६ लिटर, आणि रिकामी साधारण ३०० ग्रॅम. मला यातलं आवडतं ते हे की आधी आत काय जाणार ते ठरवलं आणि मग बॅग शिवली. आपण उलट करतो, मोठी बॅग घेतो आणि मग ती भरत बसतो, कारण जागा असली की सामान येतंच, कपाटाचंही तसंच. (तिचे मूळ पट्टे पातळ आणि बिनगादीचे आहेत, त्यामुळे तीच घ्या असं मी म्हणत नाहीये.) मोठ्यांना ऑफिसला २० ते २५ लिटर पुष्कळ झालं, ४० लिटरची घेतली की तुम्ही जिमचे बूट पण रोज फिरवून आणता.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक. १५.६ इंच लिहिलंय म्हणजे स्क्रीनचा तिरका कोपरा ते कोपरा, लॅपटॉपची लांबीरुंदी नव्हे, त्यामुळे जुना जाड कडांचा लॅपटॉप त्याच आकड्याच्या खणात जातच नाही कधीकधी. लॅपटॉप सोबत घेऊनच जा दुकानात. आणि तो खण बॅगेच्या बुडापर्यंत पोचत नाही ना, हात घालून बघा. खण बुडापासून दोनतीन सेंटीमीटर वर संपला पाहिजे, नाहीतर बॅग खाली ठेवलीत की लॅपटॉपचा कोपरा सरळ फरशीवर आपटतो, मधे फक्त कापड.

लॅपटॉपचा खण पाठीला लागून असतो ते बरोबरच आहे. जड वस्तू पाठीला चिकटून पाहिजे. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग तीच हात लांब करून धरा, पाणी तेवढंच पण दुसऱ्या वेळी हात थरथरतो. पाठीचं तेच होतं. पुढच्या खणात पाण्याची बाटली आणि पॉवर बँक कोंबली की बॅग मागे ओढते आणि माणूस पुढे झुकतो. म्हणून पुढे खूप फुगलेली बॅग मला दुकानातच नको वाटते, चपटी आणि उंच बरी, पण उंच म्हणजे डोक्याला लागेल इतकी नाही. बूड कमरेच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबू नये, आणि इथेच पोरांशी भांडण आहे, कारण पट्टे सैल सोडून बॅग मागे हापटत नेणं ही फॅशन आहे. पट्टे निदान दोन इंच रुंद, काखेकडे वळण घेतलेले, आणि गादी दाबल्यावर लगेच परत फुगणारी. दाबून बोट पट्ट्याच्या पलीकडे जाणवलं तर ती गादी नाही, नुसता देखावा आहे. छातीवरचा छोटा बेल्ट लोकांना विनोदी वाटतो पण अरुंद खांद्याच्या मुलांचे पट्टे बाहेर घसरत असतात ते त्यानं थांबतात. आमच्या मुलीला आता तो लावल्याशिवाय चालत नाही, कारण त्याच्या बकलला शिट्टी आहे. शेजारी कंटाळलेत.

कापडाबद्दल दुकानात '६०० डी', '१६८० डी' असं ऐकवतात. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममधे, बस्स. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, जाड म्हणजे टिकाऊ असेल पण जडही. रोजच्या बॅगेला ६०० डेनियरचं पॉलिएस्टर पुरतं असा माझा अनुभव, पट्टा नीट शिवलेला असला तर. आतून रबरासारखा जो थर असतो तो पाणी अडवायला, बॅग ओली तशीच कपाटात कोंबली की दोनचार वर्षांत त्याचे पोपडे निघायला लागतात आणि वह्यांवर सगळा पांढरा भुगा. 'वॉटरप्रूफ' शब्दावर तर जाऊच नका. कापड पाणी अडवतं, चेन आणि शिवणीची भोकं अडवत नाहीत. वरून कव्हर घातलं तरी पाठीकडची बाजू उघडीच, पाणी मानेवरून उतरून तिथूनच आत जातं. मी आत एक साधी प्लास्टिकची पिशवी ठेवतो, लॅपटॉप आणि कागद त्यात. दिसायला गबाळं, पण कोरडं.

चेन हा दुसरा प्राण. रनरच्या मागे बऱ्याचदा ५, ८, १० असा आकडा असतो, तो ढोबळमानानं बंद चेनच्या दातांची रुंदी, मिलिमीटरमधे. मोठ्या खणाला ८ किंवा १० असेल तर बरं. आणि चेन बसेनाशी झाली म्हणजे मागून दात उघडे राहायला लागले तर लगेच बॅग टाकू नका, बहुतेक वेळा दात ठीक असतात, रनर झिजून सैल झालेला असतो. पकडीनं दोन्ही बाजूंनी हलकासा दाबा. हलकासाच, मी एकदा जोर केला तर रनरचे दोन तुकडे झाले.

बाकी काही गोष्टी जाता जाता. आतलं अस्तर फिकट रंगाचं बघा, काळ्या अस्तरात काळा चार्जर आणि किल्ल्या शोधणं म्हणजे विहिरीत हात घालणं. बाहेरचा यूएसबी पॉइंट म्हणजे आत एक वायर, पॉवर बँक तुमचीच, आणि पावसात पाणी जायला एक जास्तीचं भोक. वर हातात धरायची कडी चांगली गादीची हवी, गर्दीत बॅग पुढे घेतो किंवा हातात धरतो तेव्हा तीच लागते, आणि नेमकी तीच सगळ्यात चिल्लर शिवतात. चाकांची बॅग सपाट जागेवर छान पण दांडा आणि चाकं धरून ती रिकामीच जड, आणि जिने आले की तेवढं सगळं उचलायचं, ते पण एका हातात. एका खांद्याची बॅग मला स्वतःला छत्री, डबा, एखादी फाईल एवढ्यापुरती मान्य आहे, लॅपटॉप असेल तर नाही.

आणि माझी मुख्य सूचना, दुकानदार आणि बनवणारे दोघांनाही. टॅगवर लिटर लिहिता, इंच लिहिता, 'प्रीमियम' लिहिता, त्यात ग्रॅम पण लिहा की. बिस्किटाच्या पुड्यावर असतं. आणि दुकानात एक साधा लटकवायचा काटा आणि भरून बघायला चार जाडी पुस्तकं ठेवा. मी आता जाताना घरूनच वह्या नेतो, भरून पाच मिनिटं दुकानात फिरतो. रिकामी बॅग पाठीला काय, कुठलीही चांगलीच वाटते.

आपल्यालाही तीच विनंती. पुढच्या वेळी असं पान करताना प्रत्येक फोटोखाली रिकाम्या बॅगेचं वजन द्या, रंगाची दोन वाक्यं कमी झाली तरी चालतील. आणि तोपर्यंत त्या पिवळ्या 'हलक्याफुलक्या' बॅगेचं वजन आपल्याकडे कुणाला माहीत असेल तर कृपया छापा, कारण मुलीला तीच हवीये आणि वजन कळल्याशिवाय घेणार नाही असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलोय.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. दगड सात होते त्यातले पाच घरी ठेवायचं ठरलं. दोन अजून बॅगेत आहेत, मला माहीत नाही असं तिला वाटतं.