जुन्या गाडीच्या देखभालीची माहिती मालकाच्या हाती द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षांपुढील मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे वाढलेले शुल्क आणि वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या दोन विषयांवर वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले. त्या लिखाणात जुनी गाडी बाळगणारा माणूस एक तर प्रदूषण करणारा म्हणून भेटतो, नाही तर शुल्काच्या ओझ्याने पिचलेला म्हणून. तो आपल्या गाडीची निगा स्वतः राखू पाहतो आणि त्यासाठी लागणारी अधिकृत माहिती त्याला सहजासहजी कोठेच मिळत नाही, हा मुद्दा मात्र राहून जातो. त्याविषयी हे पत्र आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. हे नूतनीकरण पूर्वी 600 रुपयांत होत असे. 1 एप्रिल 2022 पासून त्याला 5,000 रुपये लागू लागले आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ही रक्कम 10,000 रुपये झाली. राज्याचा पर्यावरण कर याहून वेगळा. दिल्ली परिसरात डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी सरसकट मर्यादा नाही, येथे गाडीची स्थिती पाहिली जाते. हे तत्त्व मला मनापासून योग्य वाटते, कारण बारा वर्षांची दुर्लक्षित गाडी ही बावीस वर्षांच्या नीट राखलेल्या गाडीपेक्षा रस्त्यावर अधिक धोकादायक असते. परंतु स्थिती हाच निकष मानायचा, तर ती चांगली कशी ठेवावी हे मालकाला कळण्याची सोयही हवी.

आमच्या घरी 2004 सालची मारुती 800 आहे. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीने मध्यमवर्गीय कुटुंबांना केवळ वाहन दिले असे नाही. बॉनेट उघडून आत काय चालले आहे हे समजून घेण्याची संधीही दिली. तीन सिलिंडर, 796 सीसीचे इंजिन, ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे तीन प्लग, आणि हात घालायला पुरेशी मोकळी जागा. माझी मुलगी प्लग काढून त्यांचा रंग पाहायला याच गाडीवर शिकली. प्लगच्या टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. आणि टोक तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजल्याचा संशय घ्यावा, एवढे कळले तरी गॅरेजमध्ये काय सांगायचे आणि तेथे काय विचारायचे हे नेमके ठरवता येते. डिपस्टिकचे, म्हणजे इंजिनातले तेल पाहण्याच्या पट्टीचेही तसेच आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना ती पुसून पुन्हा बुडवायची. तेलाला ताकासारखा पांढुरका रंग आला असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, तेलात उतरत असल्याची शक्यता मोठी असते आणि तशा अवस्थेत गाडी चालवणे म्हणजे इंजिन हातचे घालवणे होय.

आम्ही चिपळूणला राहतो, त्यामुळे देखभालीचा विचार पावसाळ्यापासूनच सुरू होतो. कोकणात बहुतेक जुन्या गाड्यांचे इंजिन चांगले असते, पण पत्रा जातो. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. काचेच्या रबरातून आत गेलेले पाणी तेथून बाहेर पडते. ही भोके चिखलाने आणि सुक्या पानांच्या भुग्याने बुजली की पाणी दारातच साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरच्या रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा पोखरलेला असतो. मे महिन्यात एक बारीक काडी घेऊन ही भोके मोकळी करणे, पुढच्या काचेखालच्या जाळीत अडकलेली पाने काढणे, डिकीतली आणि पायाखालची मॅट उचलून खालचा पत्रा कोरडा आहे का ते पाहणे, ही कामे कोणालाही जमतात आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही. पावसाळ्यात उंदीर इंजिनात ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून अधूनमधून बॉनेट उघडून पाहणेही आवश्यक असते. आणखी एक गोष्ट येथील प्रत्येक घरात माहीत असायला हवी. 22 जुलै 2021 च्या महापुरात शहरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे जे इंजिन साफसफाईने वाचले असते ते किल्ली फिरवल्याने कायमचे जाते. अशा गाडीच्या बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढावी आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी.

घरी काय करू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरू नये. जॅक चाक बदलण्यापुरता असतो, माणसाचा जीव त्याच्यावर सोपवण्यासाठी नव्हे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची लाइन ही कामे जाणत्या मेकॅनिककडेच द्यावीत, कारण त्यांतली चूक आपल्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांनाही भोवते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची नळी दाबाखाली असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र मेकॅनिककडे द्यायच्या कामांतही मालकाला काही ठाऊक असणे चांगलेच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाटातल्या लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडण्याचा धोका वाढतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. कुंभार्ली किंवा आंबा घाटातून ये-जा करणाऱ्यांनी तर यात चालढकल करूच नये. टायर कमी चालले म्हणजे चांगले आहेत, हाही असाच एक घातक समज आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी मजकूर असतो. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. क्वचित बाहेर पडणाऱ्या जुन्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी रबर कडक होऊन भेगाळतात आणि नक्षी शाबूत दिसत असल्यामुळे ते लक्षातच येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या गाडीबरोबर आलेले मालकाचे पुस्तक इंग्रजीत आहे आणि ते वीस वर्षांपूर्वीचे आहे. त्यात इ-20 चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा, उल्लेख असणे शक्यच नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच असे म्हटले आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि इ-10 ला (दहा टक्के इथेनॉलला) जुळवून घेतलेल्या चारचाकींची इंधनक्षमता इ-20 वर सुमारे 6 ते 7 टक्क्यांनी घटेल. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केले आणि हे काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊ शकते असे सांगितले. तसे असेल तर आनंदच आहे. परंतु कोणते भाग, कोणत्या मॉडेलमध्ये, किती किलोमीटरनंतर, आणि त्यांच्या जागी बसवायच्या इथेनॉलला टिकणाऱ्या भागांचे क्रमांक काय? अधिकृत सर्व्हिस केंद्रात हे विचारले असता मला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि आमचा नेहमीचा गॅरेजवाला, जो आपल्या कामात अतिशय प्रामाणिक आहे, तो म्हणाला, "ताई, कंपनी आम्हाला काही कळवत नाही, नळी गळायला लागली की आम्ही बदलतो." पेट्रोलची नळी गळण्याची वाट पाहणे ही देखभाल नव्हे. ती आगीला निमंत्रण देण्यासारखी गोष्ट आहे.

माहिती आणि सुटे भाग अडवून ठेवण्याचा प्रश्न आजचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी घेतल्या आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह होते. पण दूरध्वनी क्रमांक आणि सर्व्हिस केंद्रांचे पत्ते एकत्र मिळाल्याने गुहागरच्या किंवा खेडच्या मालकाची अडचण दूर होत नाही. त्याला सर्व्हिस मॅन्युअल हवे, वायरिंगचा नकाशा हवा, कोणता नट किती ताकदीने आवळायचा याचा तक्ता हवा, आणि तो त्याला वाचता येईल अशा भाषेत हवा. मेकॅनिकलाही तो हवाच आहे. आज यांतले पुष्कळसे अंदाजाने आणि अनुभवाने चालते. तो अनुभव मोठा आहे, पण नव्या इंधनाचा अनुभव कोणाकडेच नाही.

राज्य शासनाला यात करण्यासारखे बरेच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. तेथे कार्यशाळा आहे, शिक्षक आहेत, शिकवण्यासाठी उघडून ठेवलेली इंजिने आहेत. शनिवारी-रविवारी नागरिकांसाठी प्राथमिक देखभालीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतले, तर स्त्रिया आणि महाविद्यालयीन मुलेही मोठ्या संख्येने येतील याची मला खात्री आहे. नगरपालिकांनी वापरलेल्या इंजिन ऑइलसाठी संकलनाची जागा ठरवून द्यावी. घरी तेल बदलणाऱ्या माणसाला ते कोठे द्यावे हे सांगणारी व्यवस्था नाही, म्हणून ते गटारात आणि तेथून वाशिष्ठी नदीत जाते. धोकादायक कचऱ्याच्या नियमांत मोडणाऱ्या पदार्थाची ही विल्हेवाट कोणालाही मान्य होऊ नये.

परिवहन विभागाकडे माझी मागणी याहून नेमकी आहे. नूतनीकरणासाठी आलेल्या प्रत्येक मालकाकडून शासन आता हजारो रुपये घेते. त्या पावतीबरोबर त्याच्या मॉडेलची मराठी पत्रिका द्यावी आणि तपासणीत अधिकारी नेमके काय पाहणार आहेत ते तीत आधीच छापलेले असावे. इ-20 मुळे बदलायच्या भागांची यादी आणि त्यांचे क्रमांक कंपन्यांकडून मागवून त्याच पत्रिकेत द्यावेत. याची सुरुवात उत्पादन थांबलेल्या मॉडेलांपासून व्हावी, कारण त्या गाड्यांच्या मालकांना नवे पुस्तक आपणहून पाठवण्यात कोणत्याही कंपनीचा व्यापारी लाभ उरलेला नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, चिपळूण