मेलेली बुरशी वाटून मावा मरत नाही साहेब!

मा. फलोत्पादन मंत्री, कर्नाटक सरकार यांस,

सा.न.वि.वि. यंदा उन्हाळी मिरचीसाठी आमच्याकडच्या सरकारी केंद्रातनं सबसिडीत व्हर्टिसिलियमच्या, म्हणजे कीड मारणाऱ्या बुरशीच्या, पुड्या मिळाल्या. मिळाल्या म्हणजे उतारा, आधार, पासबुक सगळ्याच्या झेरॉक्स देऊन, रांगेत उभं राहून. घरी येऊन बघतोय तर तारखेवर दुसरं स्टिकर. नखानं खरवडलं तर मुदत गेल्या दिवाळीतच संपलेली, आत पावडरीचे खडे झालेले. ठेवलेल्या कुठं, तर पत्र्याच्या शेडात युरियाच्या थप्पीवर, भर एप्रिलात.

साहेब, ती जिवंत बुरशी आहे हो. मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांच्या अंगावर रुजते, आत शिरते, मग कीड मरते. तिला हवेत 70-80 टक्के दमटपणा लागतो, संध्याकाळी मारावी लागते, थंड सावलीत ठेवावी लागते. पुडीवर छापलंय ग्रॅमला 10 कोटी जिवंत बीजाणू, जिवंत किती होते देव जाणे. आमच्या बेळगावच्या पावसाळी हवेत कामाला येणारं औषध तुम्ही वाटता उन्हाळ्यात, आणि तेपण मेलेलं! लिटरला 5 ग्रॅम घालून संध्याकाळीच मारली मी. आठवडा गेला आणि फूल तळहातावर झटकलं तर काळे फुलकिडे सुसाट पळतायत, शेंडे सगळे चुरडलेले.

मग काय, दुकानदार. इमिडा, फिप्रोनिल असली रासायनिक औषधं आणि "हे नवीन आलंय" असलं एक, तिन्ही एकाच पंपात, उधारीवर. मावा खाणारे ढालकिडे मेले, क्रायसोपा ही दुसरी मित्रकीड मेली, फुलकिडे चार दिवसांत परत हजर आणि वर लाल कोळी आला ते वेगळंच. एकरी पन्नास-साठ हजार मातीत, आणि मार्केटात दलाल म्हणतो माल वाकडा आहे. बायको म्हणते ऊस लावा नि गप्प बसा. उसाचं बिल कसं अडकतं त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, असो.

2004 ला सेंद्रिय शेतीचं धोरण आणलं म्हणून मिरवता, वीस वर्षं होऊन गेली, आमच्या केंद्रात साधा फ्रीज नाही. माहितीपत्रक फक्त कन्नडमधी, आमच्या म्हाताऱ्यांनी ते बघून काय मारायचं? मतं मागताना मात्र सगळ्यांना बरोब्बर मराठी येतं. आणि तिकडचे महाराष्ट्रवाले, सीमाभाग आमचा म्हणून ओरडतात, निंबोळी अर्काची एक बाटली कधी धाडली नाही. हलग्याला 2012 ला सुवर्ण विधानसौध बांधलं, वर्षातनं दहा-बारा दिवस अधिवेशन, बाकी वेळ रिकामंच की, तिथल्या एसी खोल्यांत आमच्या पुड्या ठेवा, टिकतील तरी.

मागणं जास्त नाही. लॉट लॅबमध्ये तपासून, खऱ्या तारखेचा माल पाऊस लागायच्या आत द्या, सोबत पिवळे-निळे चिकट सापळे द्या, आणि 5 टक्के निंबोळी अर्क कसा करायचा ते गावात येऊन एकदा कुणीतरी करून दाखवा. स्टिकर कुणी चिकटवलं तेपण शोधा, शोधणार नाही म्हणा तुम्ही. जूनला वांगी लावतोय, मावा-तुडतुडे येणारच. माल येणार का नाही तेवढं आधी कळवा, म्हणजे दुकानदाराची मागची उधारी भागवायच्या तजविजीला लागतो.

कळावे,
एक मिरचीवाला, कडोली-काकती पट्टा, ता. बेळगाव