राहूची गोष्ट सांगा, पण पोरांना पुढचा प्रश्न विचारू द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सुट्टी आहे म्हणून बसलेच. शाळेत धर्म शिकवावा का, श्लोक पाठ करून घ्यावेत का, विज्ञान कितवीपासून सुरू करावं यावर आपल्या पेपरात आणि टीव्हीवर सारखी चर्चा चालू असते पण त्यात बोलणारे सगळे मोठे लोक, नेते नाहीतर प्राध्यापक. चौथीतलं पोरगं घरी येऊन काय विचारतं ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

मी भांडुपला राहते आणि परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, मी संकष्टी करते, सासूबाईंचा गुरुवारचा उपास असतो. हे आधीच सांगून टाकते कारण असं काही लिहिलं की लोक लगेच म्हणतात ही देव न मानणारी आहे, हिला काय कळतंय. मी मानते. म्हणूनच लिहितेय.

७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री दहाच्या आसपास सुरू झालं आणि अकरा ते सव्वाबारा चंद्र पूर्ण झाकलेला. बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा घरातली माणसं होतो, ढग होते पण मधेच फट पडायची आणि तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा चंद्र दिसायचा. माझा मुलगा तिथेच बसून वरणभात खात खात बघत होता, इतका खूश होता की सांगता सोय नाही. सुट्टी संपून शाळा उघडली तशी बाईंनी परिसर अभ्यासाच्या तासाला ग्रहणाचा विषय काढला. मला वाटलं किती छान, ताजा ताजा विषय घेतला. पण वहीत बघते तर "ग्रहणात काय करू नये" असं हेडिंग आणि खाली पाच मुद्दे, त्यातला तिसरा मुद्दा, ग्रहणात अन्नात किडे पडतात म्हणून जेवू नये. राहू चंद्राला गिळतो हे पण लिहिलेलं. वर लाल पेनाने बरोबरची खूण.

त्या दिवशी डबा तसाच परत आला. रात्री झोपताना मला विचारतो, आई माझ्या पोटात आता किडे झाले असतील का गं?

शाळेचं नाव देत नाही. बाई मायाळू आहेत, मुलं त्यांच्याशिवाय राहत नाहीत, आणि त्यांच्याही फोनवर कुणीतरी पाठवलं असणार ते त्यांनी चांगल्या भावनेनेच सांगितलं असणार. पण नऊ वर्षांच्या पोराला बाईंचं वाक्य म्हणजे ब्रह्मवाक्य असतं हो, आई सांगते त्याच्यापेक्षा बाई सांगतात ते खरं, हे प्रत्येक घरात आहे. माझं सांगणं काही चाललं नाही. मग लॅबमधल्या सरांची परवानगी काढून शनिवारी त्याला लॅबमध्ये घेऊन गेले. घरचं दही डबीत नेलं होतं, त्याचा एक ठिपका काचपट्टीवर पसरला, सुकवला, रंग दिला, धुतला, तेलाचा थेंब टाकून मोठ्या भिंगाखाली लावला आणि त्याला स्टुलावर उभं केलं. जांभळ्या काड्या काड्या, हजारो. बघतच राहिला. मी म्हटलं हे जंतू आपण रोज आवडीने खातो, ग्रहण असो नसो हे दह्यात असतातच, आणि जे वाईट असतात ते अन्न उघडं राहिलं, पाणी घाण असलं की वाढतात, चंद्राकडे बघून नाही वाढत. सोमवारी डबा रिकामा आला.

मग घरी बॅटरी, नारळ आणि लिंबू घेऊन ग्रहण करून दाखवलं. बॅटरी सूर्य, नारळ पृथ्वी, लिंबू चंद्र, दिवे बंद. लिंबू नारळाच्या सावलीत गेलं की झालं ग्रहण, सोपं आहे. पण त्याने विचारलं, मग दर पौर्णिमेला का नाही होत? खरं सांगते, मला पटकन उत्तर आलं नाही. शोधलं तेव्हा कळलं की चंद्राची वाट जरा तिरकी आहे, साधारण पाच अंशांनी, त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. सूर्याची वाट आणि चंद्राची वाट जिथे एकमेकीला कापतात अशा दोन जागा आहेत, पौर्णिमा त्या जागांच्या जवळ आली तरच चंद्रग्रहण. आणि त्या दोन जागांना आपल्या पंचांगात नावं काय आहेत? राहू आणि केतू. मी वाचून थक्क झाले. म्हणजे आपल्याकडच्या गणित करणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, आर्यभटाने ४९९ साली ग्रंथ लिहिला त्यात ग्रहण सावलीमुळे होतं हे स्वच्छ मांडलंय. आणि आपण पंधराशे वर्षांनी मुलांना परंपरा म्हणून काय देतोय तर फक्त किडे. राहूची गोष्ट मला खूप आवडते, अमृताची वाटणी, सूर्य चंद्राने चुगली करणं, मी स्वतः मुलाला रंगवून सांगितलीय. बाईंनीही सांगावी. पण त्याच तासाला नारळ-लिंबू पण आणावं आणि पोरं पुढे जे विचारतील ते विचारू द्यावं. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्यासाठीच लिहितेय.

असं शिकवता येतं हे मला माहितेय कारण मी तसं शिकलेय. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस, मी पण तेव्हा चौथीतच होते. आजीचा हात धरून स्टीलचा चमचा आणि गडू घेऊन रांगेत उभी होते, मी स्वतः पाजलं आणि दूध चमच्यातून गेलेलं माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या आमच्या शाळेत बाईंनी विचारलं कोणी कोणी दूध पाजलं, सगळे हात वर. त्या ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. कपाटातला मातीचा हत्ती काढला, वाटीत पाणी घेतलं, त्यात लाल शाई टाकली, चमचा सोंडेला टेकवायला मलाच पुढे बोलावलं. चमचा रिकामा झाला. सगळी पोरं ओरडली, प्यायला प्यायला! बाई म्हणाल्या, आता पाणी कुठे गेलं ते शोधा. सोंडेखालून पोटावर, पोटावरून पायाशी एक बारीक लाल रेघ उतरली होती. आम्ही बोट फिरवून बघितलं, बोट लाल. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी पण दुधात रंग टाकून हेच दाखवलं होतं हे मला फार नंतर कळलं. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ, हा शब्द बाईंनी त्या दिवशी उच्चारला सुद्धा नाही, तो आम्ही पुढच्या वर्गात शिकलो आणि शिकताना मला ती लाल रेघच दिसत होती. त्या बाई कपाळाला रोज बुक्का लावायच्या, वारीला जाऊन आलेल्या होत्या. देव आहे की नाही यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. आजीला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं समजलं, आणि संध्याकाळी नेहमीसारखा दिवा लावला.

आपल्या मुंबईत असे धडे रस्त्यावर पडलेत. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी बाटल्या भरभरून नेल्या, काहींनी माहीम दर्ग्याच्या मखदूम बाबांचा प्रसाद म्हणून लहान मुलांना पाजलं. पावसाळ्यात मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर राहतं, हे एका काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी आणि वरून हळूच रंगीत साधं पाणी ओतून तिसरीतल्या मुलाला दाखवता येतं. मिठीत शहरातलं सांडपाणी येतं, आमच्या लॅबला ते पाणी दिलं तर रिपोर्टमध्ये काय येईल ते मला बघायची पण गरज नाही. २०१२ ला विलेपार्ल्याला एका क्रूसाच्या पायाशी पाणी ठिबकायला लागलं, ज्याने तपासलं त्याने सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय, आणि भावना दुखावल्या म्हणून तक्रारी त्याच्यावरच झाल्या. गणपती, दर्गा, चर्च. तीनही ठिकाणी पाणीच आहे बघा, आणि पाणी हा धडा आपल्या परिसर अभ्यासात आहेच. एका धर्माकडे बोट दाखवायचा माझा अजिबात हेतू नाही, श्रद्धाळू माणूस सगळीकडे सारखाच असतो, आणि त्याच्या पोटात दुखणारं पाणी पण सारखंच असतं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त खटकते. विज्ञान तरी आपण कसं शिकवतो? पोथीसारखंच. पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं पाच वेळा लिहून आणा. मुलगा तालावर म्हणतो, अगदी स्तोत्र म्हटल्यासारखं. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, झालं विज्ञान. वर्गात एक भिंग नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो तर गेल्या वर्षी रांगोळी स्पर्धा झाली आणि शास्त्रज्ञांच्या फोटोला हार घातला. मी मायक्रोस्कोप घेऊन यायला तयार होते, उत्तर मिळालं परीक्षेनंतर बघू, मग सुट्टी लागली. जे पाठ करून घेतलंय त्यात आणि "ग्रहणात काय करू नये" यात मुलाच्या डोक्यात फरक काय राहिला? दोन्ही बाईंनी सांगितलं, दोन्ही वहीत उतरवलं, दोन्हीला लाल खूण. म्हणून जे लोक म्हणतात की धर्म काढा विज्ञान घाला म्हणजे प्रश्न सुटला, त्यांचं मला अर्धवट वाटतं. २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता, मनाचे श्लोक पाठ करायच्या सूचना होत्या आणि मनुस्मृतीतला श्लोक होता त्यावरून केवढं वादळ झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण पाठांतरावरच एवढा भर का, हे त्या गोंधळात फार कुणी विचारलं नाही.

कायद्याचं मला जेवढं कळतं तेवढं सांगते. घटनेचं २८ वं कलम म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत लहान मुलाला त्यात भाग घ्यायला लावायचं तर पालकांची संमती लागते. माझ्याकडून अशी सही कुणी मागितल्याचं मला आठवत नाही, तुमच्याकडून मागितली का ते वाचकांनी आठवून बघावं. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये हेही सांगितलंय की वेगवेगळ्या धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, ते चालतं. मला हे पटतं. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. १९७६ ला घटनेत मूलभूत कर्तव्यं आली त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आहे, जिज्ञासू वृत्ती आहे. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की मूल भीतीतून मोकळं झालं पाहिजे आणि करून बघून, शोधून शिकलं पाहिजे. डबा न खाता परत आणणारं पोरगं भीतीतून मोकळं आहे का?

माझ्या मुलाच्या वर्गात नमाज पढणाऱ्या घरातली मुलं आहेत, रविवारी चर्चला जाणारी आहेत, पर्युषणात कांदा-बटाटा न खाणारी आहेत, ६ डिसेंबरला आजोबांबरोबर चैत्यभूमीला जाणारी आहेत. यांनी एकमेकांना आपापल्या घरी काय असतं ते सांगावं की, रोज्यात अत्तूचा मोठा भाऊ पाणी पण का पीत नाही, माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय का वाहतात, आमच्या गणपतीला एकवीसच दुर्वा का. बाईंनी फक्त ऐकावं आणि ऐकायला लावावं. यातून माझा मुलगा कमी हिंदू होणार नाही. उलट शेजारच्याचा सण काय आहे हे न कळताच मोठी झालेली माणसं मी लॅबमध्ये रोज बघते, रक्त घेताना आडनाव विचारतात.

आणि शिक्षकांवर सगळं ढकलून चालणार नाही. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं यात त्यांचा जीव जातो, नारळ-लिंबू कधी आणणार त्या. पण मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांनी प्राथमिकच्या मुलांसाठी करून बघायची पुस्तकंच बनवलीत, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, वरळीला नेहरू तारांगण आणि विज्ञान केंद्र आहे. सहलीला वॉटर पार्कला नेतात त्याऐवजी एक वर्ष इकडे न्या, पैसे पण कमी लागतील. आणि माझ्यासारखे पालक आहेत, कोणी नर्स आहे, कोणी रेल्वेत मेकॅनिक आहे, कोणी भाजी विकतं, प्रत्येकाकडे मुलांना दाखवण्यासारखं काहीतरी आहे. महिन्यातून एक तास बोलवा, आम्ही रजा टाकून येऊ.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, मुंबईतून खंडग्रास, दुपारनंतर. सोमवार आहे, शाळेचा दिवस. पावसाळा असणार, दिसेल न दिसेल. माझा मुलगा तेव्हा सहावीत असेल, पण त्याच्या मागची पोरं प्राथमिकमध्ये असतील. त्या दिवशी खिडक्या लावून मुलांना आत कोंडू नका किंवा अर्ध्या दिवसाने घरी पाठवू नका एवढी सगळ्या मुख्याध्यापकांना आतापासून विनंती आहे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही हे नीट समजवा, एका पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, त्यातून येणारं ऊन दुसऱ्या पांढऱ्या कागदावर घ्या, चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखा छोटा सूर्य कागदावर पडतो. पुठ्ठे मी आणून देईन.

आपली,
एक पालक, भांडुप, मुंबई